सीपॅप लावून तीन महिने झाले तरी एएचआय ११-१२ च, आणि आता पावसात नळीत पाणी

खाडीपलीकडे
१४ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४८, वजन ९४, गाव गुहागर तालुक्यात. स्वतःचा टेम्पो आहे, हंगामात आंबा घेऊन वाशी आणि एरवी चिरे, किराणा, लग्नाचं सामान, जे मिळेल ते. घोरणं आमच्या घरात वडिलांपासून आहे त्यामुळे कोणी मनावर घेतलं नव्हतं, पण मार्चमध्ये पहाटे कशेडीच्या अलीकडे माझा डोळा लागला आणि गाडी सरळ गटाराच्या दिशेने. शेजारी बसलेल्या पोराने स्टेरिंग धरलं म्हणून आज हे लिहितोय. मग चिपळूणला डॉक्टरांकडे, घरीच रात्रभर लावायची टेस्ट झाली, एएचआय ३८ आला म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडकतो, ऑक्सिजन ७६ पर्यंत खाली. डॉक्टर म्हणाले सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास थांबतो, सीपॅप मशिन घ्याच, ते मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं.

एप्रिलमध्ये ऑटो मशिन घेतलं, म्हणजे हवेचा दाब आपला आपण कमीजास्त करणारं. देणारा माणूस आला, मशिन टेबलावर ठेवलं, मास्क माझ्या तोंडावर दोन मिनिटं धरला, "ऑटो आहे, ते आपलं आपण बघतं" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आता फोन केला की एकच उत्तर, वापरत रहा सवय होईल.

सवय झाली पण गुण येत नाही. सकाळी स्क्रीनवर एएचआय कधी ११, कधी १२, एकदा तर १६. मास्कच्या चिन्हापुढे रोज लाल रडका चेहरा. झोपताना पहिला अर्धा तास हवा पुरत नाही असं वाटतं, गुदमरतो. मग अडीच-तीनला जाग येते तेव्हा मास्कच्या वरच्या बाजूने डोळ्यात भसाभस हवा जात असते, मी पट्टे ओढून घट्ट करतो, नाकाच्या हाडावर जखम झालीय. आणि पाऊस सुरू झाल्यापासून नवीनच, नळीत गुळगुळ आवाज येतो आणि पहाटे नाकावर पाण्याचा शिडकावा. बायको म्हणते हुक्का ओढताय की काय.

लाईटचं तर विचारूच नका, आमच्याकडे वारा सुटला की लाईट गेलीच. झोपेत लाईट गेली आणि मास्क तोंडावर असेल तर गुदमरून जाईन का हीपण भीती.

दिवसा अजून पेंगतो. धोपावेच्या फेरीबोटीत गाडी चढवली की दाभोळ येईपर्यंत झोप लागलेली असते. रात्रीची भाडी बंद केलीत. हे मशिन माझ्यावर चालत नाही का? की काही सेटिंग असतं?

रातांबा
१५ जुलै, सकाळी ७:१०

दादा, आधी रात्रीची भाडी बंद केलीत ते फार बरं केलंत, आणि एएचआय ५ च्या आत येऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत बंदच ठेवा.

आमचे हे पाच वर्षं वापरतायत, रत्नागिरीत. सेटिंगचं मला कळत नाही पण मास्कचं मी आता कोणालाही शिकवू शकते. तुम्ही रात्री जागे होऊन पट्टे आवळता ना, तिथेच सगळं बिघडतं. ते सिलिकॉनचं कुशन हवेने फुगून गालावर बसायला हवं, आवळलं की त्याच्या घड्या पडतात आणि घडीतून हवा निघते, मग आपण अजून आवळतो, मग जखम. आमच्याकडे सहा महिने हेच चाललं होतं.

असं करा. बसून नाही, आडवं होऊन, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, मशिन चालू करून मास्क बांधा. बसल्यावर गाल वेगळे असतात आणि आडवं झाल्यावर वेगळे, हे साधं कोणी सांगत नाही. सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यावरून जरासा उचलून परत सोडा म्हणजे कुशन नीट फुलतं, मग आधी खालचे पट्टे दोन्हीकडून सारखे आणि मग वरचे. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. तुमच्या मशिनमध्ये मास्क फिट असं काही असेल तर ते थोडा वेळ जास्त हवा सोडून दाखवतं, तेव्हा बघून घ्यायचं.

आणि साइज कोणता दिलाय? डोळ्यात हवा म्हणजे बहुतेक वेळा मास्क मोठा असतो. यांना लार्ज दिला होता, निघाला मीडियम. कंपन्यांचे मोजायचे कागद असतात, छापून घ्या, नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत मोजायचं.

अजून एक, रात्री तोंडाला खोबरेल लावून झोपता का? आमच्या यांची ती सवय, थंडीत तर हमखास. तेल लागलं की सिलिकॉन सरकतं, रात्रभर लीक. तेल बंद. झोपताना साबणाने तोंड धुवा, सकाळी कुशन कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. डेटॉल बिटॉल नको, वास जात नाही आणि रबर खराब होतं. दाढी असेल तर मास्क कडेला येतो तिथली तरी साफ ठेवा. नाकावरच्या जखमेला मी जुन्या मलमलच्या साडीचं गोल कापून मास्कखाली लावायला करून दिलं होतं, दोन आठवड्यात बरी झाली.

गावचा_वैदू
१५ जुलै, सकाळी ९:३४

रात्री झोपताना नाकात गाईचं साजूक तूप दोन-दोन थेंब. एक महिना. मशिन विकून टाका.

जुना_ट्रान्झिस्टर
१५ जुलै, दुपारी १:२०

मशिन विकू नका. तुपाचं कोणीतरी जाणकार बोलेल.

मी राजापूरचा, नऊ वर्षं मशिनवर आहे, आधीचा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तुमचं मशिन चालतंय. ते तुमच्यासाठी लावलंच गेलेलं नाहीये, एवढंच झालंय. ऑटो मशिन कारखान्यातून येतं तेव्हा दाबाची रेंज ४ ते २० असते, सेंटिमीटर पाणी या मापात, आणि तुमच्याकडे ९९ टक्के तीच आहे. पण अंदाजावर नको, आकडे द्या.

मशिनच्या कडेला छोट्या झाकणाखाली एसडी कार्ड असतं. ते काढून घरात कोणाचा लॅपटॉप असेल त्यात घाला, पण त्याआधी कार्डाच्या बाजूची लॉकची कडी सरकवा म्हणजे लॅपटॉप त्याच्यावर काही लिहून ठेवणार नाही. ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रात्रीचा प्रत्येक श्वास दिसतो. मला हवंय ते एवढंच: कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब किती लावलाय, ९५ टक्क्याचा दाब किती, ९५ टक्क्याचं लीक किती, रॅम्प (म्हणजे सुरुवातीला दाब खाली ठेवून हळूहळू वर न्यायचा वेळ) किती मिनिटं, आणि एएचआयमध्ये कुठल्या जातीचे किती. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घसा बंद झालेला, हायपॉप्निया म्हणजे अर्धवट बंद, आणि क्लिअर एअरवे म्हणजे घसा उघडा आहे पण मेंदूने श्वास घ्यायची ऑर्डरच दिली नाही. ही शेवटची जात फार महत्त्वाची, का ते नंतर सांगतो.

लाईटच्या भीतीचं आत्ताच सांगतो. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते, मशिन बंद पडलं की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. मशिन बंद करून मास्क लावून श्वास घेऊन बघा एकदा, दिवसाउजेडी. भीती जाईल. फक्त झडपेत घाण अडकलेली नसावी आणि मास्कची बारीक भोकं कधी बुजवायची नाहीत, आपला सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

सुरमई_फ्राय
१५ जुलै, रात्री १०:०५

माका तुमचा वाचून माजेच दिवस आठवले. हुक्को! आमच्याकडे बायल म्हणा होती घरात बोअर मारतत काय.

अहो, आमच्या हयसर मालवणात जुलै म्हयन्यात भिंतीक हात लावल्यार हात ओलो होता, कपाटातल्या चपलांक बुरशी येता, आणि तुम्ही ह्युमिडिफायर कितीवर ठेवलास? ४? ५? कित्याक? हवेतच इतक्या पाणी आसा की माश्यान पोहून जावचा.

बरं, सगळ्यांना कळायला हवं म्हणून साध्या मराठीत. ह्युमिडिफायर म्हणजे टाकीतलं पाणी तापवून हवा दमट करणारा भाग, त्यामुळे मशिनमधून गरम दमट हवा निघते, बाहेर पावसाचा गारवा, खिडकी उघडी, त्यात नळी थंड, मग आतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते उताराने थेट तुमच्या नाकात. एसी लावणाऱ्यांचं पण तेच. उपाय असा की पावसाळ्यात ह्युमिडिफायर एकदम खाली आणा, मी जून ते सप्टेंबर १ वर ठेवतो, कधी कधी बंदच. नाक कोरडं पडलं तर एक घर वर. मशिन डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवा, खाटेच्या बाजूला स्टुलावर, म्हणजे जमलेलं पाणी टाकीकडे परत जाईल. नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिच्यावर लोकरीचं कव्हर शिवा, माझ्या बहिणीने जुन्या स्वेटरच्या बाहीचं केलं. गरम होणारी नळी विकत मिळते, चांगली आहे, पण आपल्याकडे तिची गरज मला तरी लागली नाही.

पाणी कुठलं घालता? विहिरीचं घालत असाल तर बंद करा, जांभ्यातलं असलं तरी क्षार बसतातच. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, पण पेट्रोलपंपावर बॅटरीसाठी मिळतं ते नको, ते बॅटरीच्या हिशोबाने केलेलं असतं, फुफ्फुसाच्या नाही. मेडिकलवाल्याला सांगितलं की मागवून देतो. आणि रोज सकाळी उरलेलं फेका, टाकी उघडी करून सुकवा, आपल्या हवेत दोन दिवसात बुळबुळीत होते. आठवड्यातून एकदा व्हिनेगर एक भाग, पाणी नऊ भाग, धुऊन खळखळून घ्या.

फिल्टर पण बघा. पावसात तो ओला होऊन काळा पडतो, मी पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी बदलतो. चुलीच्या किंवा धुपाच्या खोलीत मशिन ठेवू नका.

लाईट: घरी इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा, जुने चौकोनी वेव्हवाले पंख्याला चालतात, या मशिनच्या अडॅप्टरला त्रास देतात. ह्युमिडिफायरचं हीटर आणि गरम नळी हेच जास्त करंट खातात, ते बंद केलं की नुसती मोटर थोडक्यावर चालते, माझी १५० एएच बॅटरी पंखा आणि मशिन धरून रात्र काढते. टेम्पोच्या बॅटरीला थेट वायर जोडायचा उद्योग करू नका हां, तुम्ही गाडीवाले म्हणून सांगतो. बरीच मशिनं २४ व्होल्टवर चालतात, कंपनीचा कन्व्हर्टर लागतो.

आणि रातच्याक घोट घेतास तर तो पण वायच आवरा. दारूने घसा ढिला पडतो, मशिनला दुप्पट काम. माका इचारा.

खाडीपलीकडे
१६ जुलै, रात्री ९:४७

सगळ्यांचे आभार, एवढं तर डॉक्टरांच्या समोर पण बोलणं झालं नव्हतं.

ताई, मास्कवर एल लिहिलंय. कागदावर मोजलं, मीडियम येतोय. आणि खोबरेल रोज लावतो 😀 आईने लहानपणापासून लावलेली सवय.

ह्युमिडिफायर ५ वर होता. मशिन कपाटाच्या वर होतं, डोक्यापेक्षा दोन फूट उंच, मुलांचा हात लागू नये म्हणून. म्हणजे पाणी यायला मीच पन्हाळ लावून दिली होती.

पुतणी बी.एस्सी.ला आहे तिने कार्ड लावून दिलं. गेल्या १४ रात्रींचे आकडे: रेंज ४ ते २०, रॅम्प ४५ मिनिटं, ईपीआर ३. ९५ टक्के दाब १०.९, मधला दाब ७.२. लीक ९५ टक्के ४१. एएचआय ११.६, त्यातले ऑब्स्ट्रक्टिव्ह ६.९, हायपॉप्निया ३.२, क्लिअर एअरवे १.५. वापर रोज ५ तास १० मिनिटं.

आता ह्याचा अर्थ सांगा. सेटिंग मीच बदलू का? पुतणीने नेटवर बघितलं, दोन बटणं दाबून धरली की आतला मेनू उघडतो म्हणते.

जुना_ट्रान्झिस्टर
१७ जुलै, दुपारी २:४५

थांबा. मेनू उघडतो हे खरं आहे, पण आकडे आधी समजून घ्या आणि बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. मी पण पहिल्या वर्षी शहाणपणा केला होता, एका रात्रीत चार गोष्टी बदलल्या, बरं वाटलं की वाईट तेच कळेना.

तुम्ही गाडीवाले आहात म्हणून तुमच्या भाषेत. घाट लागला की तुम्ही गिअर कधी टाकता? चढ लागायच्या आधी की इंजिन धापा टाकून बंद पडायला आल्यावर? तुमचं मशिन रोज रात्री टॉप गिअरमध्ये घाट चढतंय. ४ वर सुरू होतं, ४ म्हणजे मोठ्या माणसाला हवा पुरल्यासारखंच वाटत नाही, तुमचं गुदमरणं तिथलं. त्यात ४५ मिनिटं रॅम्प म्हणजे झोप लागली तरी ते खालीच. मग घसा बंद होतो, मशिन ओळखतं, हळूहळू दाब वाढवतं, १०-११ ला घसा उघडतो, थोडा वेळ शांतता, मग ते पुन्हा खाली यायला लागतं आणि पुन्हा बंद. ऑटो मशिन घसा पडल्यावर धावत येतं, पडायच्या आधी नाही. म्हणून कमीत कमी दाब हा घसा उघडा राहतो त्याच्या जरा खाली असायला लागतो. तुमचा ९५ टक्के १०.९ आहे, म्हणजे रात्रीच्या ९५ टक्के वेळ दाब १०.९ किंवा त्याखाली होता. मग ४ वरून सुरू करण्यात काय अर्थ आहे.

पण हा १०.९ पण पूर्ण खरा नाही, कारण लीक ४१. रेसमेड कंपनीच्या मशिनमध्ये २४ लिटर मिनिटाला याच्या वर मोठं लीक धरतात. इतकी हवा बाहेर जात असेल तर मशिनला तुमचा श्वास नीट ऐकूच येत नाही, पावसात पत्र्याखाली रेडिओ ऐकल्यासारखं. आत्ता दाब वाढवलात तर लीक अजून वाढेल आणि मास्क उडेल. म्हणून पहिला आठवडा फक्त मास्क, ताईंनी सांगितलं ते, आणि ह्युमिडिफायर. दाबाला हात नाही. हे मी ठासून सांगतो कारण सगळे उलटं करतात.

मग दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांना विचारून खालचा दाब ६-७, चार-पाच रात्री बघायचं, मग ८. वरचा २० ठेवायची गरज बहुतेक नसते, १४-१५ वर बांधला तर लीक झालं म्हणून मशिन उगाच वर पळत नाही. रॅम्प बंद करा किंवा ऑटोवर ठेवा म्हणजे झोप लागली की लगेच वर जातो.

ईपीआर म्हणजे श्वास सोडताना दाब कमी करायची सोय, फिलिप्सच्या मशिनमध्ये तिला फ्लेक्स म्हणतात. ३ वर असेल तर श्वास सोडताना ३ ने दाब खाली. पण ४ च्या खाली मशिन जातच नाही, म्हणजे तुमच्या ४ वर ईपीआरला जागाच नव्हती. आणि ज्याचा घसा श्वास सोडतानाच चिकटतो त्याला ईपीआर ३ नडू शकतो, मग तो कमी करायचा किंवा खालचा दाब तेवढा वर घ्यायचा. हे सगळं झाल्यावर बघा.

आता क्लिअर एअरवे. तुमचा १.५ आहे, ठीक. दाब वाढवल्यावर एएचआय कमी झाला नाही आणि हीच जात ५-६ ला गेली तर पुढे वाढवायचं नाही, थेट डॉक्टर. काही लोकांना मशिन सुरू केल्यावर असे मेंदूवाले पॉज येतात, पुष्कळांचे काही आठवड्यांत जातात, काहींना वेगळं मशिन लागतं. हृदय कमजोर असणाऱ्यांनी तर हा खेळ घरी करूच नये.

जाता जाता, हे मशिन सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरने काढलं, १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि पहिल्या मशिनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. आवाज किती असेल कल्पना करा. आपण नळीतल्या गुळगुळीला वैतागतो.

कानाघशाचा
१७ जुलै, रात्री ११:३०

मी ईएनटी आहे, कोकणातच प्रॅक्टिस. वरचं बहुतेक बरोबर आहे, थोडं जोडतो.

तूप किंवा तेलकट काही नाकात घालून वर दाबाची हवा सोडू नका. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकतं आणि त्याने न्यूमोनियाचा एक प्रकार होतो. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचा स्प्रे, आणि तरी नाही गेलं तर दाखवा. नाक बंद असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो, मग तोंड कोरडं आणि लीक जास्त.

मशिनचा एएचआय हा टेस्टच्या एएचआयसारखा नसतो. तुम्ही झोपला आहात की जागे हे त्याला नक्की कळत नाही, कुशी बदलताना किंवा जागेपणी श्वास अडखळला तर तेही कधी कधी मोजतं. म्हणून एका रात्रीच्या १६ ला घाबरायचं नाही, आठवड्याची सरासरी बघायची. ५ च्या खाली हे लक्ष्य, पण त्याहून महत्त्वाचं दिवसा कसं वाटतं ते. एपवर्थ म्हणून आठ प्रश्नांची यादी आहे, २४ पैकी गुण, १० च्या वर गेलं की झोप जास्त आहे असं समजतो. लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा भरा.

आणि ५ तास १० मिनिटं कमी आहे. शेवटच्या दोन तासांत मास्क काढून झोपत असाल तर तेव्हाच स्वप्नांची झोप जास्त असते आणि घसा सर्वात ढिला. दुपारच्या वामकुक्षीला पण लावा.

उताणं झोपल्यावर त्रास वाढतो का हे बघा, बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घालणारे माझे पेशंट आहेत, हसू नका, काहींना उपयोग होतो. थायरॉइड आणि बीपी तपासून घ्या. वजन उतरवलं तर दाब पुन्हा बघायला लागेल, पण उतरवलं म्हणून आपल्या मनाने मशिन बंद करायचं नाही.

पेसमेकर वगैरे असणाऱ्या वाचकांसाठी: मॅग्नेटच्या क्लिपचा मास्क घेऊ नका, विचारून घ्या. सेकंडहँड घेणाऱ्यांनी बघून घ्या, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोममुळे बरीच जुनी मॉडेलं परत मागवली होती, ती अजून इकडे तिकडे विकायला येतात.

रातांबा
१८ जुलै, सकाळी ६:५०

डॉक्टर, यांना आता कळलं ते पहाटे पाचला मास्क काढून चहा होईपर्यंत "जरा पडतो" म्हणतात आणि तासभर घोरतात ते 🙂 प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

खाडीपलीकडे
९ ऑगस्ट, रात्री १०:१८

मंडळी, उशीर झाला, मध्ये चार दिवस नेट नव्हतं, झाड पडून तारा तुटल्या होत्या.

सांगितलं तसं केलं. पहिला आठवडा फक्त मास्क मीडियम, तेल बंद (आई रुसली), आडवं होऊन पट्टे, मशिन खाली स्टुलावर, ह्युमिडिफायर १. लीक ४१ वरून १४ वर आलं आणि नुसत्या तेवढ्याने एएचआय ७.८. दाबाला हात न लावता! मला वाटलं होतं सगळा खेळ दाबाचा. नळीतलं पाणी तर दुसऱ्या दिवसापासून बंद.

मग डॉक्टरांना फोन केला, कार्डाचे फोटो पाठवले. आधी जरा रागावले की नेटवर वाचून आलास, मग बघितल्यावर म्हणाले खालचा ७ कर, वरचा १४. चिपळूणला गेलो तेव्हा तिथेच लावून दिला. रॅम्प ऑटो. पहिली रात्र जोरात हवा येतेय असं वाटलं पण गुदमरणं नाही, उलट बरं वाटलं. एएचआय ५.२. सहा रात्रींनी ८ केला, गेल्या आठवड्याची सरासरी ३.४, क्लिअर एअरवे १.६ म्हणजे आहे तिथेच. वापर सहा तास चाळीस. एपवर्थ १५ होतं, आता ९.

एकच नवीन, पोटात हवा भरते, सकाळी उठलं की ढेकरांची माळ. आणि परवा फेरीबोटीत झोप लागली नाही, पहिल्यांदाच खाडी बघितली म्हणायला हरकत नाही, पाणी काय गढूळ आहे.

रात्रीचं भाडं अजून घेत नाही. डॉक्टर म्हणाले अजून महिनाभर थांब.

जुना_ट्रान्झिस्टर
१० ऑगस्ट, सकाळी ११:०२

वा. लीकनेच चार उतरले बघा.

ढेकरा म्हणजे हवा गिळली जातेय. ८ वर लगेच आलात त्यामुळे असेल, काही दिवसांत कमी होते बहुतेक. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, उशी जरा उंच आणि हनुवटी छातीला टेकू देऊ नका. ईपीआर आता ३ ला जागा आहे, तो ठेवा. नाहीच गेलं तर ७.५ करून बघा, अर्ध्याने पण फरक पडतो. ३.४ चा ४ झाला तरी पोट शांत असेल तर चालेल, आकड्याच्या मागे लागून झोप घालवू नका.

खाडीपलीकडे
१० ऑगस्ट, रात्री ९:१५

अजून एक विचारतो, हसू नका. गणपतीला आम्ही सगळे मूळघरी जातो. वीस-पंचवीस माणसं, माजघरात ओळीने गाद्या, रात्री भजन. तिथे मशिन कसं लावायचं? दोन वर्षांनी येणारे चुलतभाऊ, त्यांची पोरं, सगळ्यांसमोर तोंडाला नळी. पाच रात्री नाही लावलं तर काय बिघडेल?

कानाघशाचा
१० ऑगस्ट, रात्री ११:०८

पहिल्याच रात्री घसा पूर्वीसारखा बंद व्हायला लागेल, आणि पाच रात्रींनी तुम्ही गाडी चालवत परत येणार. लावा.

सुरमई_फ्राय
११ ऑगस्ट, सकाळी ८:२०

भजनात कोणाला तुमच्याकडे बघायला वेळ असतो? लांब एक्स्टेन्शन न्या, भिंतीकडेची गादी पकडा पहिल्याच दिवशी, प्लगवर "काढू नये" अशी चिठ्ठी चिकटवा नाहीतर कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावून तुमचा प्लग काढतलो, माझा दोन वेळा काढलोहा. मखराच्या लाइटिंगचं आणि मशिनचं एकाच बोर्डावर नको. उदबत्ती-धुपापासून लांब. टाकी रिकामी करून पिशवीत भरा, भरलेली नेलीत तर पाणी मशिनमध्ये जातं.

रातांबा
११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

दादा, आमचे हे पहिल्या वर्षी असेच लाजत होते. रात्री मास्क लावून झोपले, सकाळी जावेचा चार वर्षांचा नातू दारात उभा राहून ओरडला, आजी आजी, काकाआजोबांना सोंड आली. तेव्हापासून घरात दोन गणपती. पोरं रोज रात्री मशिनचं बटण दाबायला रांग लावतात, आरती झाली की. यांना आता ते लावल्याशिवाय कोणी झोपूच देत नाही.

मास्कचं जादा कुशन मात्र न्या, उंदीर कुरतडतात मूळघरी. डब्यात ठेवा.